मेंढीचं वीस सी.सी. रक्त

१९७९च्या मार्चमध्ये एस.एस.सी.च्या भूगोलाच्या पेपराला मी वर्गावर होते, आणि पहिल्या तासाभरातच माझा वरचा ओठ सुजून जवळजवळ नाकाला टेकला. मुली पेपर लिहायचा सोडून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना दोष देता येत नाही, भूगोलाच्या पेपरात बघण्यासारखं तेवढं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत डावी पापणीही सुजली. पोटऱ्यांना जी खाज सुटली, ती पुढे पावणेदोन वर्षं थांबली नाही.

मी लीला इंगळीकर. शाहूपुरीतल्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. तेव्हा मला त्रेचाळिसावं चालू होतं. माझे यजमान नृसिंहराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. राधानगरीच्या धरणातून किती पाणी सुटलं याच्या फायली त्यांच्या टेबलावरून पुढे जात. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, पण सगळीकडे नुसतं 'हे' लिहिलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून घेते.

नृसिंहरावांनी मला डॉ. अंबादास सांगवडेकरांकडे नेलं. दुसरीकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. १९५८ साली डॉक्टरांनी नृसिंहरावांचा टायफॉईड बरा केला होता. टायफॉईड तीन आठवड्यांनी आपला आपणही उतरतो असं काही लोक म्हणतात, पण आमच्या घरी येऊन म्हणत नाहीत. डॉक्टरांचा दवाखाना लक्ष्मीपुरीत. सकाळी साठ पेशंट, संध्याकाळी साठ. एवढ्या माणसांना वेगवेगळे आजार शोधत बसायचं तर जेवायलाही सवड मिळायची नाही, म्हणून त्यांनी आजारांची संख्या चार-पाचावर आणून ठेवली होती.

त्यातला एक इओसिनोफिलिया. त्या काळात कोल्हापुरात तो प्रतिष्ठेचा आजार होता. खोकला असो, शिंका असोत, दम लागो, रक्त तपासलं की इओसिनोफिलिया निघायचा, आणि ज्याचा निघाला तो लग्नाच्या पंगतीत न अडखळता तो शब्द उच्चारून दाखवायचा. माझंही रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी बावीस हजार, म्हणजे हव्यात त्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यातल्या शंभरात अठ्ठावन्न इओसिनोफिल.

मी दरवर्षी नववीच्या फळ्यावर पाच प्रकारच्या पांढऱ्या पेशी काढते. इओसिनोफिल लाल खडूनं काढते, कारण काचेवर रंग दिला की तिच्यातले दाणे लाल दिसतात. खाली लिहिते, 'एक ते चार टक्के.' त्या अठ्ठावन्न झाल्या तर काय होतं, हे वीस वर्षांत एकाही मुलीनं विचारलं नव्हतं. परीक्षेला ते येत नाही.

डॉक्टरांनी रिपोर्टावर नजर टाकली आणि नृसिंहरावांना सांगितलं, "जंत." मला नाही सांगितलं. आजार माझा असला तरी माहिती कुटुंबप्रमुखाच्या ताब्यात द्यायची असते.

जंतांचं औषध झालं. तीन दिवस शौचतपासणी झाली, जंत सापडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, ते लपून बसलेत. पुन्हा औषध, पुन्हा तपासणी. असे चार वेळा माझ्या पोटातून न सापडलेले जंत काढून टाकण्यात आले. इओसिनोफिल एकसष्टवर गेल्या. मग फायलेरियाच्या गोळ्या, एकवीस दिवस. त्या गोळ्यांनी पुष्कळांना गुण येतो हे खरं आहे. आमच्या शेजारच्या आक्काताईंचा रात्रीचा खोकला त्यांनीच गेला होता. मला फक्त मळमळलं. त्यानंतर पथ्य आलं. शेंगदाणे बंद, वांगं बंद, दही बंद, मासे बंद. मी जन्मात मासा खाल्लेला नव्हता, त्यामुळे ते पथ्य तेवढं मी शेवटपर्यंत काटेकोर पाळलं.

हे सगळं होईपर्यंत १९८०चा जून आला. अंगावर चट्टे उठत होते, महिन्या-दीड महिन्यानं तोंड सुजायचं, चार दिवसांनी उतरायचं. रात्री खाजवून चादरीवर रक्ताचे डाग पडायचे. शाळेत मुलींनी माझं काय नाव ठेवलं होतं ते मला माहीत होतं, इथं लिहीत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचले की मी आधी हजेरीचा कागद शोधण्याचं सोंग करायचे, कारण धाप लागलेली असायची. वय होत चाललं, असं मी धरून चालले होते.

जूनमध्ये डॉक्टरांनी शेवटचं निदान केलं. या वेळी तर रिपोर्टही बघितला नाही. नृसिंहरावांना म्हणाले की बाईंच्या मनावर ताण आहे, या वयात बायकांचं असं होतं, नोकरी सोडली तर बरं. आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्यावर मी झोपेत खाजवायला लागले.

माझी खात्री होती की नृसिंहरावांना हे पटणार नाही. त्यांना पटलं. रात्री जेवताना ते म्हणाले, "तू राजीनाम्याचा विचार करावास असं डॉक्टरांचं मत आहे." माझ्या नवऱ्याचं स्वतःचं मत काय, असं मी विचारलं. त्यांनी आमटी वाढून घेतली. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला वरून आलेल्या शेऱ्यावर मत द्यायची सवय नसते.

ऑक्टोबरात माझा डोळा पुन्हा सुजला, आणि नेहमीची लॅब दसऱ्यासाठी बंद होती. म्हणून मी राजारामपुरीत सहाव्या गल्लीत नव्यानं उघडलेल्या लॅबमध्ये गेले. भाड्याच्या दोन खोल्या, दारावर पाटी: 'डॉ. श्यामला हुक्केरी, पॅथॉलॉजिस्ट.' ही निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याची मुलगी, मुंबईला एम.डी. झालेली, वय असेल एकोणतीस-तीस. मदतनीस नव्हता. रक्त तिनंच काढलं, काच तिनंच रंगवली, आणि मायक्रोस्कोपाला डोळा लावून तिनंच मोजायला सुरुवात केली. मोजताना ती तोंडातल्या तोंडात कानडीत मोजायची, ओंदु, एरडु, मूरु. मी रिपोर्टासाठी बाकावर बसून राहिले. बराच वेळ गेला. शेवटी ती बाहेर आली आणि मला न विचारता माझ्या मानेला दोन्ही बाजूंनी हात लावून चाचपायला लागली.

"इथं ही गाठ कधीपासून आहे?" तिनं विचारलं.

मला गाठ असल्याचंच माहीत नव्हतं. दीड वर्षात माझ्या मानेला कुणी हात लावला नव्हता. नृसिंहरावांच्या मानेला लावून भागण्यासारखं ते नव्हतं.

मग तिनं जिना चढताना दम लागतो का ते विचारलं. मी वयाचं सांगितलं. तिनं ते कागदावर लिहून घेतलं. आत नेऊन मला काच दाखवली. लाल दाण्यांच्या पेशी सगळीकडे पसरल्या होत्या, माझ्या फळ्यावर कधी मावल्या नसत्या एवढ्या. मी म्हटलं, या एवढ्या कुठून येतात तेच कुणाला कळत नाही.

"या आपल्या आपण वाढत नाहीत, बाई," ती म्हणाली. "यांना कुणीतरी वाढवतं. सगळे यांच्याच मागे लागलेत. मला ही दुसरी बघायची आहे." आणि तिनं काच सरकवून एक लहान, गोल, निळी पेशी मधोमध आणली.

ती लिम्फोसाइट होती. मी ती निळ्या खडूनं काढते. मुलींची फार आवडती, कारण तिच्यात काही काढायचं नसतं. मोठा गोळा काढून रंगवला की झालं.

श्यामलानं मला समजावलं ते असं. दहा वर्षांपूर्वी परदेशात उंदरांवर प्रयोग झाले होते. उंदरांना जंत दिले की त्यांच्या इओसिनोफिल वाढतात. पण आधीच उंदराच्या लिम्फोसाइट कमी करून टाकल्या, तर जंत देऊनही इओसिनोफिल वाढत नाहीत. म्हणजे वाढवण्याचा हुकूम लिम्फोसाइटकडून जातो, त्यातही टी नावाच्या लिम्फोसाइटकडून. जंत असले तर तो हुकूम योग्यच असतो. माझ्या अंगात जंत नव्हते, फायलेरिया नव्हता, आणि हुकूम मात्र सुटतच होता. कदाचित माझ्या टी पेशीच वाजवीपेक्षा जास्त झाल्या असतील, असा तिचा संशय होता. इओसिनोफिलच्या त्या लाल दाण्यांत जहाल द्रव्यं असतात. ती कातडीत सांडली की खाज येते आणि सूज येते. "आणि हृदयात सांडली तर..." एवढं म्हणून ती थांबली, आणि टी पेशी मोजायच्या कशा त्याकडे वळली.

"त्यासाठी मला मेंढीचं रक्त लागेल," ती म्हणाली.

माणसाच्या टी पेशी मेंढीच्या लाल पेशींना चिकटतात. का चिकटतात ते कुणाला ठाऊक नाही, पण दुसऱ्या पेशी चिकटत नाहीत, त्यामुळे चिकटलेल्या मोजल्या की टी पेशींचा आकडा मिळतो. मुंबईच्या कॉलेजात या कामासाठी मेंढी पाळलेली होती. राजारामपुरीच्या सहाव्या गल्लीत ती सोय नव्हती.

घरी येऊन मी हे नृसिंहरावांना सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मला वाटलं, आता डॉ. सांगवडेकरांना विचारून ये म्हणतील. ते माझ्या मानेकडे बघत म्हणाले, "कुठं आहे गाठ?" मी हात धरून दाखवली. ते बोटानं चाचपत बराच वेळ बसले. मग म्हणाले की गडमुडशिंगीला त्यांच्या ऑफिसातल्या शिपायाच्या शेतात धनगरांची मेंढरं खतासाठी बसवलेली आहेत, रविवारी सकाळी जाता येईल.

रविवारी आम्ही तिघं एस.टी.नं गेलो. श्यामलाकडे रक्त गोठू नये म्हणून औषधी पाणी घालून उकळून बंद केलेली बाटली आणि सिरींज, नृसिंहरावांकडे बर्फ भरलेला थर्मास. तो आमचा कॉफीचा थर्मास होता. मेंढरांजवळ पिराजी नावाचा साठीचा धनगर बसला होता. त्यानं आमच्याकडे, विशेषतः नृसिंहरावांच्या टोपीकडे बघितलं आणि विचारलं, "काय पावणं, कुठल्या द्येवाला पायजे मेंढरू?"

नृसिंहरावांनी सांगितलं की मेंढरू नको, नुसतं रक्त पाहिजे. पिराजीनं हे मनात तोलून बघितलं. मग म्हणाला की अशी पद्धत त्यानं ऐकलेली नाही, देव अर्ध्यावर राजी होत नसतो, आणि पुढं वाईट झालं तर त्याला बोल नको. श्यामला पुढे झाली. देवाचं काही नाही, दवाखान्याचं आहे, सुईनं वीस सी.सी. काढायचं आहे, मेंढीला काही होणार नाही, असं तिनं सांगितलं.

"आनि ह्या रगतानं ह्या बाई बऱ्या हुनार?"

"बऱ्या नाही होणार. आजार काय आहे तेवढं कळेल."

"आजार कळाय मेंढी लागती व्हय?" पिराजी म्हणाला. "मग आजपत्तुर दागदर काय बघत हुते?"

 एकोणीस महिन्यांत डॉक्टरांबद्दल कुणी विचारलेला पहिला नेमका प्रश्न तोच होता.

पण त्यानं स्वतः एक तरणी मेंढी निवडून आणली, मानेवरची लोकर कातरली आणि तिचं डोकं गुडघ्यांत धरलं. श्यामलानं सुई घातली. रक्त बाटलीत, बाटली थर्मासात. मेंढी उठून पुन्हा चरायला गेली. पिराजीनं काही घ्यायला नकार दिला. परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं नृसिंहरावांना विचारलं, थर्मासात काय आहे. खोटं बोलण्याची सवय नसल्यामुळे त्यांनी खरं सांगितलं. आमच्या आजूबाजूच्या सीटा रिकाम्या झाल्या आणि आम्ही आरामात कोल्हापूरला आलो.

त्या दिवशी माझं रक्त घेतलं, आणि तुलनेसाठी एक निरोगी माणूस हवा म्हणून नृसिंहरावांचंही. लिम्फोसाइट वेगळ्या काढायचं औषध मुंबईहून आणलेल्या बाटलीत तळाशी थोडंसं उरलं होतं, ते दोघांना पुरलं. मेंढीच्या पेशी आणि आमच्या पेशी एकत्र करून तिनं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या. सोमवारी सकाळी मी शाळेआधी गेले. तिनं मला बघायला दिलं. मधे माझी पेशी आणि तिच्या भोवती चिकटून बसलेल्या मेंढीच्या चार-पाच लाल पेशी. तशा जागोजाग. श्यामला कानडीत मोजत राहिली. नृसिंहरावांच्या शंभर लिम्फोसाइटांपैकी सदुसष्ट टी निघाल्या. माझ्या त्र्याण्णव.

नृसिंहरावांना 'नॉर्मल' असल्याचा कागद मिळाला. तो त्यांनी जपून ठेवला आहे.

गाठ काढून तपासायची होती. एका सर्जननी ती काढली आणि श्यामलानं तिचे तुकडे आपल्या मुंबईच्या प्रोफेसरांकडे पाठवले, सोबत सगळे आकडे लिहून. ते दोन आठवडे मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. नृसिंहराव दर संध्याकाळी ऑफिसातून परस्पर राजारामपुरीला जाऊन पत्र आलं का विचारायचे आणि घरी येऊन सांगायचे की सहज तिकडून आलो. त्यांचं ऑफिस आणि आमचं मंगळवार पेठेतलं घर यांच्या वाटेत राजारामपुरी कुठूनही लागत नाही.

पत्र आलं. गाठीत आज तरी कॅन्सर नाही, असं लिहिलं होतं. 'आज तरी' हे शब्द श्यामलानं गाळले नाहीत, मला वाचून दाखवले. टी पेशींबद्दलचा तिचा संशय प्रोफेसरांना पटला होता. हृदयाची तपासणी ताबडतोब करावी आणि स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू कराव्यात. पण श्यामला लॅबची डॉक्टर, औषध तिनं द्यायचं नव्हतं. ते डॉ. सांगवडेकरांनी द्यायचं होतं.

आम्ही दोघी लक्ष्मीपुरीत गेलो आणि नंबर लावून बसलो. तासाभरानं आत बोलावलं. मेंढीची बातमी आमच्या आधी पोचलेली होती. बाईंना मेंढीचं रक्त चढवलं, अशा स्वरूपात ती गावात फिरत होती, आणि आमच्या मुख्याध्यापिकांनी मला केबिनमध्ये बोलावून, ते वाईट दिसतं, असं सांगून झालं होतं. डॉक्टरांनी श्यामलाला बसायला सांगितलं. कुठल्या हुक्केरी, वडील काय करतात, लग्न ठरलं का, असं विचारलं. तिनं पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि तिसऱ्याच्या उत्तराऐवजी आकड्यांचा कागद पुढे ठेवला. डॉक्टर म्हणाले की लॅबनं मोजावं, अर्थ लावायला आम्ही आहोत.

मग तिनं पत्र दिलं.

डॉक्टरांनी पत्र हातात घेतलं आणि वर छापलेलं कॉलेजचं नाव वाचलं. प्रोफेसरांच्या नावापुढच्या पदव्या वाचल्या. त्या दीड ओळीच्या होत्या. मजकूर त्यांनी त्या मानानं लवकर संपवला. चष्मा काढून पुसला आणि प्रथमच माझ्याकडे बघून बोलले.

"बाई, मला ही शंका पहिल्यापासूनच होती."

आणि त्यांनी स्टेरॉईड लिहून दिलं.

हृदयाची तपासणी झाली. एका झडपेशी कुरकुर ऐकू येत होती. थोडं नुकसान झालेलं होतं. एक वर्ष आधी कळलं असतं तर झालं नसतं का, असं मी विचारलं. तपासणारे डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. सभ्य माणूस होता, सांगता येत होतं.

गोळ्या सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी खाज थांबली. आठवड्यानं इओसिनोफिल अकरावर आल्या, महिन्यानं चारवर. ज्या रात्री खाजेनं जाग आली नाही, त्या रात्री मला भीतीनं जाग आली आणि मी हातपाय चाचपून बघितले. मग माझा चेहरा पुन्हा सुजायला लागला. पण तो गोळ्यांनी, आजारानं नव्हे, आणि एकसारखा सगळीकडून. शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली.

फेब्रुवारीत डॉ. सांगवडेकरांचा निरोप आला. डॉक्टर लोकांच्या महिन्याच्या बैठकीत ते माझी केस मांडणार होते, मी हजर राहिले तर शास्त्राची सेवा होईल. मी शास्त्राची सेवा पगार घेऊन करते, पण नृसिंहराव म्हणाले जाऊ या, म्हणून गेलो. तीसेक डॉक्टर होते. श्यामला शेवटच्या रांगेत बसली होती. डॉ. सांगवडेकर चांगलं बोलले. रुग्ण प्रथम आली तेव्हाच मला हे साधं प्रकरण वाटलं नाही, असं ते म्हणाले. क्रमाक्रमानं इतर शक्यता दूर करत मी लिम्फोसाइटपर्यंत पोचलो, असं म्हणाले. चार वेळच्या जंतांना त्यांनी 'इतर शक्यता' म्हटलं तेव्हा मला त्यांच्या भाषेचं कौतुकच वाटलं. शेवटी त्यांनी तांत्रिक साह्याबद्दल स्थानिक लॅबचे आभार मानले. लॅबचं नाव त्यांना त्या वेळी आठवलं नाही. मग मला उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले आणि तीस डॉक्टरांनी माझा चेहरा बघितला.

अध्यक्षांनी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, आणि माझ्या शेजारून नृसिंहराव उठले.

बावीस वर्षांत मी त्यांना चार माणसांपुढे बोलताना बघितलं नव्हतं. आमच्या लग्नात त्यांनी माझं नाव घेतलं तेही त्यांच्या बहिणीनं दोनदा चिमटा काढल्यावर. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि ऑफिसात फाईल वाचतात त्या सुरात वाचायला लागले.

"अकरा एप्रिल एकोणऐंशी, जंतांचं औषध. तीन मे, जंतांचं औषध. नऊ जुलै, तेच. चोवीस सप्टेंबर, तेच. तपासण्या बारा, जंत नाहीत. पाच नोव्हेंबरपासून फायलेरियाच्या गोळ्या, दिवस एकवीस. जानेवारी ऐंशी, पथ्य. सोळा जून, झोपेच्या गोळ्या आणि नोकरी सोडण्याबद्दल सल्ला. सव्वीस ऑक्टोबर, मेंढीचं रक्त आणलं. सत्तावीस ऑक्टोबर, टी पेशी त्र्याण्णव टक्के, मोजणार डॉ. श्यामला हुक्केरी. मानेची गाठ, प्रथम बघणार डॉ. श्यामला हुक्केरी." त्यांनी घडी घातली. "नोंदीत राहावं म्हणून सांगितलं. आणि या सगळ्या तारखांना मी हजर होतो, पण मी काही विचारलं नाही. तेही नोंदीत असावं."

ते बसले.  मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला, भर सभेत, आणि त्यांनी तो काढला नाही.

 कुणीतरी खुर्ची सरकवली. डॉ. सांगवडेकरांचा चेहरा क्षणभर पडला खरा, पण तीस वर्षं प्रॅक्टिस केलेला माणूस, लगेच सावरले. "नृसिंहरावांची स्मरणशक्ती बघा," ते सगळ्यांना म्हणाले. "अठ्ठावन्न साली याच माणसाला मी टायफॉईडमधून वाचवला." मग चहा आला. चहाच्या वेळी चार-पाच तरुण डॉक्टर कपबशा घेऊन शेवटच्या रांगेकडे गेले आणि श्यामलाभोवती उभे राहिले. ती कागदावर काहीतरी काढून दाखवत होती. मला तिथून दिसत नव्हतं, पण मोठा गोळा असावा.

या बैठकीचा परिणाम झाला, नाही असं नाही. डॉ. सांगवडेकरांच्या आजारांच्या यादीत एकाची भर पडली. खाजवणारा, शिंकणारा, खोकणारा प्रत्येक माणूस ते 'मेंढीच्या टेस्टला' पाठवायला लागले. हुपरीच्या चांदीच्या कारागिरांपासून राजारामपुरीच्या वकिलांपर्यंत सगळे चिठ्ठी घेऊन सहाव्या गल्लीत येऊन उभे. श्यामला त्यातल्या बहुतेकांना परत पाठवायची. त्यांपैकी काहींना खरोखरच जंत होते, असं तिनं मला सांगितलं. तिनं त्यांना जंतांच्या औषधासाठी डॉ. सांगवडेकरांकडे जायला सांगितलं, तर ते नाराज झाले. जंत काय, कुणालाही होतात.

गडमुडशिंगीला मात्र नृसिंहराव महिन्याकाठी जात राहिले. श्यामलाला रक्त लागायचं, आणि पिराजी दुसऱ्या कुणाला मेंढीजवळ येऊ द्यायचा नाही. त्यानं एकदा माझ्यासाठी लोकरीचं घोंगडं पाठवलं. मी बरी आहे हे कळल्यावर त्यानं विचारलं म्हणे, की मग त्या दागदराला कुठल्या द्येवाला सोडायचं. नृसिंहरावांनी हे मला सांगितलं आणि हसले. डॉ. सांगवडेकरांवर ते हसले, ही आमच्या संसारातली नोंद घेण्यासारखी घटना होती.

आता १९८४ चालू आहे. मी एक दिवसाआड अर्धी गोळी घेते. दोनदा बंद करून बघितली, दोन्ही वेळा पापण्या सुजल्या. जिना हळू चढते, आणि धाप लागली तर आता मुलींसमोर सरळ खुर्चीत बसते. नववीला लिम्फोसाइट शिकवायला एक तास पुरत नाही, म्हणून मुख्याध्यापिकांनी पुन्हा एकदा मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी राजारामपुरीत जाते. श्यामलाकडे आता दोन मदतनीस आहेत, पण माझी काच ती स्वतःच बघते. गेल्या शनिवारी तिनं आधीच्या महिन्याचे आकडे सांगितले, इओसिनोफिल सात आणि टी पेशी ऐंशी. हे चांगलं की वाईट, मी विचारलं. ती म्हणाली की त्या पेशी अशाच वर्षानुवर्षं राहतील, किंवा दहा वर्षांनी त्यांचं दुसरंच काही होईल.

"यातलं काय होईल?"

"मला माहीत नाही, बाई," ती म्हणाली.

लक्ष्मीपुरीच्या दवाखान्यात एवढ्या वर्षांत हे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं. मी पदर खोचला, हात पुढे केला, आणि तिनं या महिन्याचं रक्त काढून घेतलं.